बेटावरची जुनी वस्ती नकाशावर कशी वाचावी

एखाद्या बेटावर हजारो वर्षांपूर्वी माणसं नेमकी कुठे राहिली आणि तिथेच का, हे फुकट मिळणाऱ्या नकाशांवरून बऱ्यापैकी तपासता येतं. खणायला जावं लागत नाही. छापून आलेले कार्बन-१४ चे काळ, जमिनीच्या आणि समुद्रतळाच्या उंचीची माहिती आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं. मात्र ‘जिथे खायला भरपूर, तिथे वस्ती’ हे सूत्र आधी बाजूला ठेवा. बेटाला चहूबाजूंनी समुद्र असतो, त्यामुळे मासे-शिंपले कमीजास्त प्रमाणात सगळीकडेच मिळतात. जे सगळीकडे आहे ते जागा ठरवत नाही, जे कमी पडतं ते ठरवतं. कधी ते पाणी असतं, कधी पिठूळ कंद, कधी दगड, तर कधी होडी लावायची आडोशाची जागा. शिवाय कमी पडणारी गोष्ट काळाप्रमाणे बदलते. खालची सगळी खटपट ती गोष्ट शोधण्यासाठी आहे.

सरावासाठी कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा सामुद्रधुनीतली चार बेटं घ्या: सॅन मिगेल, सांता रोझा, सांता क्रूझ आणि ॲनाकापा. तिथले मूळ रहिवासी असलेल्या चुमाश लोकांच्या पूर्वजांची ही भूमी. सांता रोझावर आर्लिंग्टन स्प्रिंग्ज इथे १९५९ मध्ये फिल ऑर यांना सापडलेली माणसाची हाडं साधारण १३,००० वर्षांपूर्वीची आहेत. हिमयुगातही ही बेटं मुख्य भूमीला जोडलेली नव्हती, म्हणजे तो माणूस होडीनेच आला. बेटांवर हरीण नाही, ससा नाही. जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे बुटका कोल्हा, ठिपक्यांचा स्कंक आणि उंदीर. तिथे पोहोचलेल्या माणसांना मोठ्या शिकारीवर विसंबता येत नव्हतं, त्यामुळे कोणत्या साधनाने वस्ती खेचली हे सुटं करणं सोपं जातं. आणखी एक सोय म्हणजे मुख्य भूमीवर थर उकरून खालचं वर करणारे बिळकरी गोफर इथे नाहीत. माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या ढिगांमधले थर बरेच शाबूत राहिले आहेत.

जमवाजमव

क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि ८ जीबी मेमरीचा संगणक पुरे. जमिनीच्या उंचीसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची १० मीटर जाळीची माहिती घ्या. समुद्रतळासाठी नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेची ३ आर्क-सेकंदांची, म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ९० मीटर जाळीची माहिती मिळते. दुसऱ्या देशातलं बेट असेल तर जमिनीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाची ३० मीटरची आणि समुद्रासाठी गेब्को या जागतिक समुद्रतळ-नकाशाची १५ आर्क-सेकंदांची, म्हणजे जवळपास ४५० मीटरची जाळी. कोपर्निकसच्या उंचीत झाडांचे शेंडेही मोजले जातात. दाट जंगलाच्या बेटावर जमीन आहे त्यापेक्षा १५-२० मीटर उंच दिसू शकते आणि ओढ्यांची दिशा चुकते.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, निवडताना सावध राहा. १२० अंश पश्चिम रेखांश सांता रोझाच्या पूर्व टोकाजवळून जातो, त्यामुळे सॅन मिगेल यूटीएम या उभ्या पट्ट्यांच्या प्रक्षेपणाच्या १०व्या पट्ट्यात पडतं आणि सांता क्रूझ ११व्या. दोन पट्ट्यांत काम केलंत तर क्षेत्रफळं आणि अंतरं जुळणार नाहीत. सगळं पहिल्याच दिवशी कॅलिफोर्निया अल्बर्स या एकाच प्रक्षेपणात (ईपीएसजी ३३१०) आणून ठेवा.

पुरातत्त्वीय ठिकाणांचे अचूक अक्षांश-रेखांश जाहीर केले जात नाहीत. लूट होऊ नये म्हणून ते योग्यच आहे. म्हणून मोजणीचं एकक ठिकाण न धरता खोरं धरा. प्रकाशित अहवालांत ‘अमुक ओढ्याच्या मुखाशी’ एवढी माहिती असते, आणि या कामाला तेवढी पुरते.

काळाचे टप्पे चारच ठेवा: १२,०००, ८,०००, ४,००० आणि ८०० वर्षांपूर्वी. दर पाचशे वर्षांचा नकाशा करण्याचा मोह होतो, पण प्रत्येक टप्प्यात दोन-तीनच काळ उरले की त्या नकाशाला काही अर्थ राहत नाही.

आधी किनारा जागेवर आणा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि ही चारही बेटं मिळून एकच लांबट बेट होतं. अभ्यासक त्याला सांतारोझाए म्हणतात. मुख्य भूमीपासूनचं अंतर तेव्हा सात-आठ किलोमीटर होतं, आज ॲनाकापापासून ते वीसेक किलोमीटर आहे. समुद्र चढत गेला तसं आधी ॲनाकापा सुटं झालं, मग बाकीची. जुन्या बेटाची सुमारे तीन-चतुर्थांश जमीन पाण्याखाली गेली.

जमीन आणि समुद्रतळाचे थर एकत्र जोडा आणि रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये ‘उंची मोठी आहे उणे ६० पेक्षा’ असं सूत्र द्या. १२,००० वर्षांपूर्वीच्या टप्प्यासाठी ही ढोबळ पातळी चालते. ८,००० साठी उणे १५ घ्या. ४,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीच्या अगदी जवळ आला होता, तेव्हा आजचाच किनारा घ्यायला हरकत नाही. बारकाईने काम करायचं असेल तर या बेटांसाठी स्थानिक समुद्रपातळीचे आलेख प्रसिद्ध आहेत, ते वापरा. बर्फाचं ओझं उतरल्यावर पृथ्वीचं कवच जागोजागी वेगवेगळं वर-खाली होतं, त्यामुळे जागतिक सरासरी कुठल्याच बेटाला नेमकी लागू पडत नाही.

या नकाशाला एकच रेघ काढून थांबू नका. पातळी दहा मीटर वर आणि दहा मीटर खाली धरून आणखी दोन रेघा काढा. समुद्रतळाचा उतार शंभराला एक असेल तर उंचीतल्या दहा मीटरच्या चुकीने किनारा एक किलोमीटर सरकतो. सांता रोझा आणि सॅन मिगेलच्या आसपास उथळ पठार रुंद आहे, तिथे तिन्ही रेघा दूर दूर पडतील. जिथे समुद्रतळ एकदम खोल जातो तिथे त्या एकमेकींना चिकटतील. ही फट मोजून खोऱ्यांच्या तक्त्यात स्वतंत्र रकान्यात लिहून ठेवा, शेवटी तीच सर्वांत उपयोगी पडते. जमिनीचं उचललं जाणं या बेटांवर हजार वर्षांत दहा-वीस सेंटीमीटरांच्या आसपास आहे. बारा हजार वर्षांचा हिशेब केला तरी ते एक-दोन मीटरच होतं, म्हणून इथे सोडून दिलं तरी चालतं. सगळीकडे चालत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

फटीचा उपयोग असा. सॅन मिगेलवरची डेझी केव्ह ही गुहा समुद्रतळ तीव्र उताराने खोल जातो त्या बाजूला आहे, त्यामुळे समुद्र खाली असतानाही किनारा तिच्यापासून फार लांब गेला नाही. म्हणूनच ११,००० वर्षांहून जुने शिंपल्यांचे थर तिथे जमिनीवर टिकले, आणि समुद्री गवताच्या वळलेल्या दोऱ्यांचे जवळपास १०,००० वर्षांपूर्वीचे तुकडेही सापडले. सांता रोझावरचं एसआरआय-५१२ हे ठिकाण मात्र ११,७०० वर्षांपूर्वी तेव्हाच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत होतं. तिथे शिंपले जवळजवळ नाहीत. हंसासारख्या पाणपक्ष्यांची हाडं, काटेरी बाणाग्रं आणि चंद्रकोरी दगडी हत्यारं आहेत. दोन्ही ठिकाणं एकाच नकाशात ठिपके म्हणून लावली आणि ‘सुरुवातीचे लोक शिंपलेही खात, पक्षीही मारत, आत-बाहेर कुठेही राहत’ असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. सपाट पठाराच्या बाजूची किनाऱ्यावरची ठिकाणं समुद्राने गिळली आहेत, आणि उरलं ते लोक ज्यासाठी आत जात ते: गोडं पाणी, गुहा, हत्यारांचा दगड. सॅन मिगेलवरच्या कार्डवेल ब्लफ्सची जुनी ठिकाणं तर चर्टचे (हत्यारांसाठीच्या गारगोटीसारख्या दगडाचे) गोटे उघडे पडलेल्या जागीच आहेत.

पाण्याचा हिशेब

या बेटांवर पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल पडतो, बहुतेक वर्षी ५०० मिलिमीटरच्या आत. मे ते ऑक्टोबर कोरडा. प्रश्न एकूण पावसाचा नसतो, सप्टेंबरात ओढ्यात पाणी उरतं का याचा असतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कोकणातल्या गावांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ठाऊक असलेल्याला ते वेगळं सांगायला नको.

सोपा मार्ग पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा. क्यूजीआयएसमध्ये आधी उंचीच्या थरातले खोटे खड्डे भरून घ्या, मग पाणलोट काढून देणारं ‘आर.वॉटरशेड’ हे साधन चालवा. दहा मीटर जाळीत एक चौरस किलोमीटर म्हणजे १०,००० चौकटी, म्हणून किमान मर्यादा १०,००० द्या. त्याहून लहान घळी गळतील. मर्यादा १,००० ठेवलीत तर दोन-तीनशे किरकोळ घळी पदरात पडतात आणि क्रमवारी लावता लावता जीव जातो. १२,००० वर्षांपूर्वीच्या टप्प्यासाठी पाणलोट आजच्या किनाऱ्यावर तोडू नका, तो उणे ६० पर्यंत चालू ठेवा. आज वेगवेगळे दिसणारे ओढे तेव्हा खाली जाऊन एकत्र होत असतील. बुडालेल्या भागावर नंतर गाळ साचला आहे, त्यामुळे तिथल्या ओढ्यांच्या नेमक्या वळणांवर विश्वास ठेवू नका.

क्षेत्रफळ हे पाण्याचं अंदाजी माप आहे. भेगाळ ज्वालामुखी खडकात लहान खोऱ्यालाही बारमाही झरा असतो आणि मोठं खोरं वाळूच्या थरांवर असेल तर पाणी जिरून जातं. भूशास्त्रीय नकाशा वर ठेवून पाहा आणि बारमाही झऱ्यांची नोंद मिळाली तर वेगळ्या रकान्यात टाका. आजच्या ओढ्याची स्थिती थेट मागे नेऊ नका. एकोणिसाव्या शतकापासून या बेटांवर मेंढ्या, गुरं, डुकरं चरत होती. झाडोरा गेला, माती वाहून गेली, ओढे खोल कापले गेले.

खडप, पुळण आणि केल्प

प्रत्येक खोऱ्याच्या मुखापासून दोन्ही बाजूंना किनाऱ्याचा ठरावीक पल्ला घ्या. दोन तास चालत जाऊन ओझं घेऊन परत येता येईल असा पाच किलोमीटरचा पल्ला व्यवहार्य असतो. उभे कडे आडवे येत असतील तर पल्ला तिथेच तोडा, होडीचा पल्ला वेगळा धरा. त्या पल्ल्यात खडप किती मीटर आणि पुळण किती मीटर ते मोजा. खडपावर कॅलिफोर्निया मसल (मालवणकडच्या शिनाण्यांच्या कुळातले) आणि ॲबालोनी (खडकाला चिकटून राहणाऱ्या मोठ्या गोगलगाई) मिळतात, पुळणीत पिस्मो क्लॅमसारखे शिंपले. तिसरी गोष्ट म्हणजे केल्प, समुद्रातलं शेवाळाचं जंगल. त्यात मासे, समुद्री साळू, ऑटर आणि सील यांची रेलचेल असते.

जुन्या काळातला केल्प कसा मोजायचा? राक्षसी केल्प खडकाळ तळावर साधारण २५-३० मीटर खोलीपर्यंत वाढतो. म्हणून १२,००० वर्षांपूर्वीसाठी उणे ६० ते उणे ८५ या पट्ट्यातला खडकाळ तळ मोजा, आणि ८,००० साठी उणे १५ ते उणे ४० मधला. खडकाळपणाची थेट माहिती नसेल तर तळाच्या उंचसखलपणावरून अंदाज बांधता येतो: खरबरीत तो खडक, गुळगुळीत तो वाळू. आजचा केल्पचा उपग्रह नकाशा जुन्या टप्प्यांना चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे. समुद्र चढला तसा केल्पही जागा बदलत गेला, आणि पठार उथळ असेल तिथे तो पट्टा एका टप्प्यात दुप्पट तर दुसऱ्यात निम्मा होतो.

खाडीची तोंडं विसरू नका. सांता रोझाच्या पूर्व बाजूला आज दलदल आहे तिथे पूर्वी खरी खाडी होती. आजूबाजूच्या जुन्या ढिगांत खाडीतच वाढणारे शिंपले सापडतात. नंतर गाळाने ती भरली. आजच्या नकाशावर ती जागा फारशी आकर्षक वाटणार नाही.

शिंपले मोजताना वजनाला भुलू नका. एक किलो मसलच्या कवचामागे साधारण ३०० ग्रॅम मांस निघतं. ॲबालोनीच्या तेवढ्याच कवचामागे त्याच्या तिपटीहून जास्त. कवचाच्या वजनाची सरळ तुलना केली की ॲबालोनीचं महत्त्व कमी दिसतं. आणि अहवाल कुठल्या चाळणीचा आहे ते आधी पाहा. ६ मिलिमीटरच्या चाळणीतून लहान माशांचे मणके आणि मणी करतानाचा चुरा निसटतो, तो ३ मिलिमीटरच्या चाळणीत अडकतो. दोन वेगळ्या चाळण्यांचे आकडे एकाच तक्त्यात घातलेत तर ‘नंतरच्या काळात मासेमारी वाढली’ असा शोध लागतो, आणि तो प्रत्यक्षात चाळणी बदलल्याचा शोध असतो.

कंद, दगड, डांबर

शिंपल्याचं मांस म्हणजे बहुतांशी प्रथिनं. माणसाचं शरीर रोजच्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा प्रथिनांतून घेऊ शकतं, त्यापुढे आजारी पडतं. म्हणून कितीही मसल असले तरी चरबी किंवा पिठूळ अन्न लागतंच. चरबी सीलपासून मिळते. पिठूळ अन्नाबाबत जुने अभ्यासक ही बेटं दरिद्री समजत, कारण त्यांनी पाहिली ती मेंढ्यांनी चरून काढलेली बेटं. जनावरं हटवल्यावर ब्ल्यू डिक्स नावाच्या फुलझाडाचे ताटवे परत आले. त्याचे छोटे कंद जुन्या चुलींमध्ये जळालेल्या अवस्थेत सापडतात, आणि ते वर्षभर खणून काढता येतात. तुमच्या तक्त्यात किनाऱ्यालगतच्या सपाट टप्प्यांचं क्षेत्रफळ (उतार दहा अंशांच्या आत) हा रकाना त्यासाठी ठेवा. हे अंदाजी माप आहे, पण रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा बरं.

दगडाचं काम उलट्या दिशेने करा, उगमापासून अंतर मोजत. उत्तम चर्ट पूर्व सांता क्रूझवर आहे. सुरुवातीच्या टप्प्यांत याचा वस्तीवर मर्यादित परिणाम दिसतो. एकदा दगड आणला की महिनोन्महिने पुरतो. शेवटच्या टप्प्यात मात्र चित्र बदलतं. इसवी सन ११५० च्या सुमारानंतर तिथे दगडी गिरमिटांची बारीक टोकं प्रचंड प्रमाणात बनू लागली, आणि ऑलिव्हेला शंखांचे मणी बेटांवर घडून सामुद्रधुनीपलीकडे चलनासारखे फिरू लागले. त्याआधीच, साधारण इसवी सन ५०० पासून, फळ्या शिवून वर नैसर्गिक डांबर थापलेली ‘टोमोल’ होडी वापरात आली होती. मणी देऊन पलीकडचं ओकचं फळ, म्हणजे पिठूळ अन्न आणता येत असेल तर कंदांच्या रकान्याचं वजन उतरतं आणि होडी लावायच्या जागेचं चढतं. ८०० वर्षांपूर्वीच्या टप्प्यात म्हणून एक नवा रकाना लागतो: वायव्येच्या जोरदार वाऱ्यापासून आडोसा. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक मुखापासून वायव्येकडे सरळ रेघ ओढून किती किलोमीटर मोकळं पाणी आहे ते मोजा.

गुण देताना बेरीज करू नका

प्रत्येक रकान्यातल्या मापाचा क्रम लावून तो ० ते १ मध्ये आणा. मग बहुतेक जण वजनं देऊन बेरीज करतात, आणि इथेच घोळ होतो. समजा ‘अ’ खोऱ्याला पाण्याचे ०.९ आणि किनाऱ्याचे ०.५ गुण आहेत. ‘ब’ला पाण्याचे ०.१ आणि किनाऱ्याचे १.०. किनाऱ्याला दुप्पट वजन दिलं तर ‘अ’ची बेरीज १.९ आणि ‘ब’ची २.१. म्हणजे कोरडं खोरं वर गेलं. प्रत्यक्षात कितीही ॲबालोनी असले तरी पाण्याची तूट ते भरून काढत नाहीत. गुणाकार केला की ‘अ’ ०.४५ आणि ‘ब’ ०.१०. पाण्यासाठी गुणाकार, आणि एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या गोष्टींसाठी (मसल आणि क्लॅम, कंद आणि सीलची चरबी) आपसांत बेरीज, असं मिश्र सूत्र करा. शून्य गुण टाळा, किमान ०.०५ द्या, कारण लोक पाणी वाहूनही नेत. चुमाशांकडे डांबर लावलेल्या विणलेल्या बाटल्या होत्या. ॲनाकापा ही या सूत्राची चाचणी: किनारा उत्तम, गोडं पाणी जवळपास नाही, शिंपल्यांचे ढीग भरपूर, पण ऐतिहासिक काळात स्थायी गावाची नोंद नाही. तुमच्या सूत्रात ॲनाकापा वरच्या पाचांत आलं तर सूत्र दुरुस्त करा.

या बेटांवर चाळीसहून अधिक खोऱ्यांची अशी क्रमवारी पाणलोट, खडप, पुळण आणि केल्प या चार मापांवर पुरातत्त्वज्ञांनी आधीच लावली आहे. त्यामागचा अंदाज सोपा आहे: पहिले लोक सर्वांत चांगल्या जागी बसतात, गर्दी वाढली की त्या जागेचा फायदा घटतो, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या जागेएवढा झाला की लोक तिकडे सरकतात. तुमची क्रमवारी स्वतः लावून झाल्यावरच त्यांची पाहा.

काळ जुळवताना

आता प्रत्येक खोऱ्यातल्या स्थायी वस्तीचा सर्वांत जुना काळ लावायचा. कार्बन-१४ चे आकडे जसेच्या तसे उचलू नका. समुद्री शिंपल्यात जुना कार्बन असतो, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा शेकडो वर्षं जुना दिसतो. या किनाऱ्यावर खोल थंड पाणी वर येत असल्याने ही वाढ जागतिक सरासरीपेक्षाही जास्त आहे. तिची स्थानिक दुरुस्ती कोणत्या वक्रासाठी (कार्बन-१४ चा आकडा खऱ्या वर्षांत बदलून देणाऱ्या आलेखासाठी) काढली ते पाहा: २०२० च्या सागरी वक्राबरोबर २०१३ च्या वक्रासाठीची दुरुस्ती वापरली की निकाल सरकतो. जुन्या अहवालांत आणखी एक सापळा असतो. कार्बनच्या समस्थानिकांची दुरुस्तीच केलेली नसते; शिंपल्यासाठी ती साधारण ४०० वर्षांची आहे आणि ती आकड्यात वाढवावी लागते. केली आहे की नाही हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वगळा.

कोळशावरचे काळही निर्धोक नाहीत. रेडवूडचे ओंडके समुद्रातून वाहत येत आणि त्यांचं सरपण होई. त्यातला कोळसा चुलीपेक्षा शतकांनी जुना निघू शकतो. बी, काडी, जळका कंद यांचे काळ पहिल्या पसंतीचे, एकेका शिंपल्याचे दुसऱ्या, अनोळखी कोळशाचे शेवटच्या. कार्बन-१४ चे काळ खऱ्या वर्षांत बदलणारं ऑक्सकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातून सगळे काळ एकाच पद्धतीने पुन्हा काढा.

‘स्थायी’ कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा. घरांच्या खळग्यांच्या खुणा, दफनं, जाड थर हे निकष चालतात. मसलच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तो कुठल्या ऋतूत काढला ते कळतं, पण त्यासाठी कवचाच्या कडेचा एकच नमुना पुरत नाही. वसंत आणि शरद दोन्हींत पाण्याचं तापमान मधलंच असतं. साधारण २ मिलिमीटर आतला दुसरा नमुना असेल तरच पाणी तापत होतं की निवत होतं ते कळतं. चारही ऋतूंतले शिंपले एकाच ठिकाणी असतील तर तिथे वर्षभर राबता होता.

मग क्रमवारी आणि काळ यांचा स्पिअरमन सहसंबंध, म्हणजे दोन क्रम एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, काढा. २० खोरी असतील तर ०.४५ च्या वरचा आकडा दखलपात्र. पण आकड्यापेक्षा न जुळणारी खोरी जास्त बोलतात, तिथे वेळ द्या.

चांगलं खोरं आणि उशिराची वस्ती असं दिसलं तर आधी किनाऱ्याच्या फटीचा रकाना पाहा. फट मोठी असेल तर जुनी वस्ती पाण्याखाली असण्याची शक्यता आहे. फट लहान असेल तर तिथे सर्वेक्षण किती झालं ते पाहा. दर सर्वेक्षित चौरस किलोमीटरमागे ठिकाणं मोजा, एकूण संख्या नको. तेही ठीक असेल तर पुढारीपणाचा विचार करा: चांगल्या जागेवर कोणी हक्क सांगितला की इतरांना अपेक्षेपेक्षा लवकर वाईट जागी जावं लागतं. वाईट खोऱ्यात लवकरची वस्ती दिसली तर तुमच्या तक्त्यात एखादा रकाना राहिलेला असतो, बहुधा झरा किंवा दगड. काही वेळा दुष्काळ. इसवी सन ८०० ते १३५० या काळात कॅलिफोर्नियात दीर्घ अवर्षणं पडली. त्या टप्प्यात फक्त बारमाही पाण्याचा रकाना ठेवून क्रमवारी पुन्हा लावून पाहा. साधारण ८,००० ते ३,५०० वर्षांपूर्वीच्या ढिगांत लाल ॲबालोनी भरून असतात. हा प्राणी एरवी खोल पाण्यात राहतो, म्हणजे एकतर समुद्र थंड होता किंवा माणसांनी ऑटर मारून त्याचा शत्रू कमी केला होता. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय ‘किनारा समृद्ध होता’ असं लिहू नका.

दुसऱ्या बेटावर हीच पद्धत नेताना

रकाने बदलतात. ग्रीसच्या मिलोस बेटावर ऑब्सिडियन (धारदार हत्यारांचा ज्वालामुखी काचेचा दगड) आहे आणि तो हिमयुगाच्या अखेरीसच होडीने मुख्य भूमीवरच्या फ्रँख्थी गुहेपर्यंत पोहोचत होता. बेटावर कायमची वस्ती मात्र फार नंतर, नवाश्मयुगात झाली. एखादं साधन लोकांना ये-जा करायला लावतं म्हणून ते त्यांना मुक्कामाला बसवेलच असं नाही. हवाईमध्ये शेती असल्याने पाण्याची एक मर्यादा धरून भागत नाही, दोन लागतात. कोहालाच्या कोरडवाहू शेतांना खालची हद्द कमी पावसाने घातली, वरची हद्द अतिपावसाने, कारण वर मातीतला कस धुऊन गेलेला होता. रापा नुईवर, म्हणजे ईस्टर बेटावर, बारमाही ओढा नाही. ओहोटीला किनाऱ्यावर पाझरणारं मचूळ पाणी हाच तिथला पाण्याचा रकाना.

अंदमान घ्यायचं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या झरीन कूपर यांनी तिथल्या शिंपल्यांच्या ढिगांवर केलेलं काम हाताशी ठेवा. चौलदरीच्या ढिगाचे काळ सुमारे २,२०० वर्षांपूर्वीपर्यंत जातात. पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पाणलोटाचं क्षेत्रफळ तिथे फारसा फरक पाडणार नाही. त्याऐवजी खारफुटीची लांबी, प्रवाळाचा उथळ किनारा आणि होडी लावायची जागा मोजा. किनारा मागे नेताना मात्र जमिनीची हालचाल सोडून देऊ नका. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन मीटरभर वर आली आणि पोर्ट ब्लेअरकडे जवळपास तेवढीच खाली गेली. एकाच दिवसात दोन टोकांना उलट दिशांनी एवढा फरक पडत असेल तर सबंध बेटांसाठी समुद्रपातळीचा एक आकडा धरता येत नाही. उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग करा, प्रत्येकासाठी उठलेली प्रवाळं किंवा बुडालेली खारफुटी यांच्या प्रकाशित नोंदी शोधा, आणि ज्या भागासाठी अशी नोंदच नाही तिथला ४,००० वर्षांपूर्वीचा किनारा नकाशावर तुटक रेघेनेच दाखवा.